सगळ्या बाटल्यांची झाकणं सैल करणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार. नाव लिहू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ताई. लेकीच्या शिबिरात तुम्ही जे केलंत त्याबद्दल फोनवर आभार मानायला गेले तर 'अहो, त्यात काय एवढं' म्हणत तुम्ही विषय सोलापूरच्या उन्हावर नेलात. आता चार लोकांच्या देखत लिहितेय. मधेच तोडायची सोय नाही.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमची लेक दहा वर्षांची आहे आणि तिला संधिवात आहे. एवढं म्हटलं की समोरून ठरलेला प्रश्न येतो, 'संधिवात? तो म्हाताऱ्यांना होतो ना?' लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या डॉक्टरने लहान मुलांच्या या दुखण्यावर १८९७ साली सविस्तर लिहून ठेवलंय. सव्वाशे वर्षं उलटली, बातमी अजून आमच्या नातेवाइकांपर्यंत पोचलेली नाही. सोळा वर्षांच्या आतल्या मुलाचा एखादा सांधा सहा आठवड्यांहून जास्त सुजलेला राहिला आणि दुसरं कुठलं कारण सापडलं नाही, तर डॉक्टर या आजाराचं नाव घेतात. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा आपल्याच सांध्यांवर उलटते. का उलटते, ते अजून कुणालाच धड माहीत नाही. दह्याने होत नाही एवढं मात्र नक्की. हे मी व्हॉट्सअॅपवरच्या तमाम आत्या-माम्यांना उद्देशून लिहितेय.

पुण्यात होतो तेव्हा गुडघा पहिल्यांदा सुजला. हाडांच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांनी 'खेळताना मुरगळला असेल' म्हणून सरळ प्लास्टर घातलं. सुजलेला सांधा हलवत ठेवायचा असतो, तो बांधून टाकला. प्लास्टर काढलं तर पाय सरळच होईना. तेव्हा म्हणाले, 'मुलगी नाटकं करतेय, लाड कमी करा.' इकडे अमेरिकेत आलो, आजाराचं नाव कळलं, औषध सुरू झालं. मग इन्शुरन्सवाले आले. डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन त्यांना थेट मंजूर करायचं नव्हतं. आधी स्वस्त औषध घेऊन बघा, ते लागू पडलं नाही असं सिद्ध करा, मग बोलू. म्हणजे पोरीचा सांधा पुरेसा बिघडल्याचा दाखला आणा. शाळेत पीटीच्या सरांचा वेगळाच हिशेब. 'मंगळवारी पळत होती, बुधवारी कशी लंगडते?' अहो, हा आजार असाच आहे. सकाळी खुर्चीतून उठता येत नाही आणि दुपारी तीच पोरगी दोरीच्या उड्या मारते. सरांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी, आणि तीही दर वेळी नवी.

प्रत्येकाला पुरावा हवा होता. दिसत नाही ना काही! व्हीलचेअर नाही, केस गेलेले नाहीत, गाल छान गुबगुबीत. मग दुखतंय कुठे? आजार डोळ्यांतही उतरू शकतो, आणि तेही लाली नाही, दुखणं नाही, आतल्या आत सूज. म्हणून ठरावीक महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यंत्रासमोर हनुवटी टेकवावी लागते. हे सगळं दहा वर्षांच्या पोरीने समोरच्याला पटवून द्यायचं, आणि मगच तिला खाली बसायची परवानगी.

तर अशा पोरीला आम्ही उन्हाळ्यात 'द पेंटेड टर्टल'च्या शिबिरात पाठवलं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, पामडेलच्या पश्चिमेकडच्या डोंगरात लेक ह्यूज नावाचं गाव आहे, तिथे. पॉल न्यूमन या नटाने १९८८ मध्ये कनेक्टिकटला आजारी मुलांसाठी पहिलं शिबिर काढलं, त्याच शिबिरांच्या कुटुंबातलं हे, २००४ पासूनचं. हाच न्यूमन सॅलडच्या ड्रेसिंगच्या बाटल्या विकून सगळा नफा दान करायचा. मुलांकडून पैसे घेत नाहीत. वेगवेगळ्या आजारांच्या मुलांना वेगवेगळे आठवडे असतात, त्यातला एक संधिवाताच्या मुलांचा. अर्जाचं पुराण इथे लावत नाही.

पाठवताना माझ्या पोटात खड्डा पडला होता, हे तुम्ही गेटवर पाहिलंतच. पहाटे तिला कोण उठवणार, गरम पाण्याचा शेक कोण देणार, इंजेक्शनच्या दिवशी ती कुणाचा हात धरणार? तिचं औषध, मेथोट्रेक्झेट, पिवळं असतं. आठवड्यातून एकदा ते घेऊन घेऊन तिला पिवळा रंग बघूनच मळमळायला लागलंय. कोकणातल्या बापाची पोर आमरसाच्या वाटीकडे पाठ करून बसते, यावरून काय ते समजा. तुम्ही तिच्या गोळ्यांची पिशवी हातात घेतलीत, चिठ्ठी वाचलीत आणि मराठीत म्हणालात, 'जा तुम्ही. वाटेत जेवून घ्या.' परमुलखातल्या त्या रखरखीत डोंगरात सोलापुरी हेल ऐकून मला रडायलाच आलं, पण ते गाडीत बसल्यावर.

तिथे काय काय केलं ते परतीच्या वाटेवर तिने सांगितलं. घोड्यावर बसली, होडीतून मासे धरले (सोडूनही दिले), धनुष्यबाण मारला. खोलीतल्या सगळ्याच मुली सकाळी पलंगावरून हळूहळू, भिंत धरून उतरायच्या, आणि कुणी कुणाला 'चल लवकर' म्हणायचं नाही. कुणाचं मनगट किती वळतं याच्या स्पर्धा लागायच्या, ज्याचं सगळ्यात कमी वळेल तो जिंकला! त्यांची गटप्रमुख कॉलेजात जाणारी मुलगी, तिला स्वतःला वयाच्या तिसऱ्या वर्षापासून हाच आजार. पंधरा-सोळाच्या पोरी रात्री तिला काय काय विचारायच्या: गाडी चालवता येईल का, वसतिगृहात इंजेक्शन कुठे ठेवायचं, पुढे मुलंबाळं होतील का. आमची झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकायची. हे प्रश्न आम्हा आयांना कधी कुणी विचारत नाही. आमचे चेहरे बघूनच पोरी गप्प बसत असणार.

पण ताई, हे सगळं थोड्याफार फरकाने मला माहितीपत्रकात वाचायला मिळालं असतं. मी लिहायला बसले ते झाकणांमुळे.

एक दिवस पहाटेच ती आखडून जागी झाली. गटप्रमुख तिला तुमच्याकडे घेऊन आली. तुम्ही गरम टॉवेलांत तिचे हात गुंडाळलेत, बोटं जरा मोकळी होईपर्यंत गप्पा मारल्यात आणि म्हणालात, 'चल, माझं एक काम राहिलंय, तू सोबत ये.' भोजनगृहात अजून कुणी नव्हतं. तुम्ही एकेका टेबलापाशी जाऊन केचपची बाटली, सिरपची बाटली, जॅमची बरणी, ज्यूसच्या बाटल्या, प्रत्येकीचं झाकण थोडंसं फिरवून सैल करायचात आणि पुन्हा अलगद टेकवून ठेवायचात. पूर्ण उघडायचं नाही. उघडणाऱ्याला वाटलं पाहिजे की आपणच उघडलं.

लेकीने विचारलं, हे कशाला? तुम्ही म्हणालात, 'रात्रभरात घट्ट बसतात गं.' ती म्हणाली, 'माझ्यासारखी?' तुम्ही म्हणालात, 'हो, सकाळी सगळेच जरा आखडतात.' मग तिने मोजायचं काम घेतलं. कुठलं टेबल झालं, कुठलं राहिलं, हे ती सांगणार आणि तुम्ही झाकणं फिरवणार. पुढचे दिवस ती रोज पहाटे तुमच्याबरोबर. दुखत नसलं तरी, हे मला तिने फार नंतर सांगितलं.

आता यात एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. म्हणून शाळेच्या पाण्याच्या बाटलीची गोष्ट सांगते. गेलं अख्खं वर्ष तिची बाटली शाळेतून भरलेलीच परत यायची. तऱ्हतऱ्हेच्या बाटल्या झाल्या, बटणाच्या, नळीच्या. वर्गशिक्षिकेची वहीत नोंद, 'मुलगी पाणी पीत नाही, घरी लक्ष द्यावे.' खरी गोष्ट अशी, की सकाळच्या तासांना बोटांत जोर नसतो, झाकण निघत नाही, आणि उघडून द्या म्हणायला गेलं की कुणीतरी म्हणणार, 'एवढंही येत नाही?' आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगत बसायचं. त्यापेक्षा तहान परवडली. हे तिने मला शिबिराहून येताना गाडीत, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज सांगितलं. लगेच पुढे म्हणाली, 'आई, तिथे मी रोज स्वतः सिरप ओतून घेतलं. कुण्णाला विचारलं नाही.'

तुम्ही झाकणं सगळ्याच टेबलांची सैल केलीत. धडधाकट स्वयंसेवकांच्या टेबलांचीसुद्धा. म्हणजे कुणाच्या बोटांत जोर आहे आणि कुणाच्या नाही, हे त्या भोजनगृहात कधी कळायचंच नाही. माझ्या डोक्यात तेच घोळत राहतं. मदत करणारी माणसं आम्हाला बरीच भेटली. पण त्यांच्या मदतीला आधी हात पसरावा लागायचा, कारण सांगावं लागायचं, आणि नंतर चेहऱ्यावर कृतज्ञता ठेवावी लागायची. दहा वर्षांच्या पोरीनेसुद्धा.

आपल्याकडे चांगुलपणा म्हटला की मांडव पाहिजे, माइक पाहिजे, शाल-श्रीफळ पाहिजे. एखाद्या ट्रस्टने चार वॉकर वाटले तरी आठ जण ते धरून फोटोत उभे. मला आपलं नारायण पेठेतल्या वाड्यातलं आठवतं. आजीचे गुडघे गेले तेव्हा गिरणीतला पोरगा दळणाचा डबा जिन्याखाली न ठेवता वर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणून ठेवायचा. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आजी वरून 'कोण आहे रे?' म्हणेपर्यंत तो खाली उतरलेला असायचा. आम्हाला त्याचं नावही माहीत नव्हतं. अशा माणसांवर जग चाललंय, असं मी पूर्वी भाषणात ऐकलं असतं तर हसले असते. आता हसत नाही.

शिबिराहून आल्यावर सगळं बदललं असं मुळीच नाही. पुढच्याच पंधरवड्यात डावा घोटा सुजला. डोळ्यांची तपासणी चालूच आहे. आमरस अजून नाहीच. शाळा सुरू झाली तेव्हा मात्र ती स्वतःहून पीटीच्या सरांसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, 'आज माझा गुडघा सुजलाय. मी वेळ मोजते, बाकीच्यांना पळू दे.' चिठ्ठी मागायचं सरांना सुचलं नाही म्हणे. बाटलीचं झाकण आता ती शेजारच्या बाकावरच्या मुलीकडून सैल करून घेते. ती मुलगी का म्हणून विचारत नाही. लगेच आपला रबर पुढे करते आणि म्हणते, 'तू माझं चित्र खोड, मला बिघडवायला येतं, खोडायला येत नाही.' दोघींचं बरं चाललंय.

आणि एक. तुमचा स्वतःचा गुडघा बदलायचाय, हे लेकीने मला सांगितलंय. तुम्ही जिना उतरताना कठडा कसा धरता ते तिने पाहिलंय, तिच्यापासून असलं काही लपत नाही. शिबिरात माणसं कमी पडतील म्हणून ऑपरेशन पुढे ढकलताय, असं तुम्हीच तिला बोलून गेलात. ढकलू नका. तारीख ठरली की कळवा. माझी आई ऑक्टोबरात येतेय, तिच्या हाताला चव आहे आणि तिला इथे दुसरा उद्योगही नसतो. पहिले पंधरा दिवस दोन्ही वेळचा डबा आमच्याकडून येईल. हवाय का, असं विचारत नाहीये. तिखट किती चालतं आणि दाराची किल्ली कुठे ठेवता, एवढंच सांगा.

तुमची,
झाकणं मोजणाऱ्या मुलीची आई