आवाजी आज्ञांसाठी इंटरनेटची सक्ती कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी आणि कृत्रिम बुद्धिमत्ता या विषयावर आपल्या पानांतून अलीकडे वरचेवर लिहिले जाते. मात्र त्या चर्चेत प्रचंड सर्व्हर आणि मोठमोठी भाषा-प्रारूपेच (लँग्वेज मॉडेल्स) असतात. ज्याच्याकडे दोन जीबी रॅमचा जुना अँड्रॉइड फोन आहे आणि दृष्टी अधू असल्यामुळे किंवा हात थरथरत असल्यामुळे ज्याला पडद्यावर नेमके बोट टेकवता येत नाही, त्याला निबंध लिहून देणारे यंत्र नको असते. ‘सकाळी सहाचा गजर लाव’, ‘मुलीला फोन लाव’, ‘आलेला मेसेज वाच’ एवढे फोनने ऐकावे, आणि रेंज नसतानाही ऐकावे, इतकीच त्याची अपेक्षा असते. मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता-बदलता येतो अशा, सॉफ्टवेअरच्या आधारे ही सोय मराठीत करणे शक्य आहे आणि राज्य मराठी विकास संस्थेने ते काम हाती घ्यावे, असे मला सुचवायचे आहे.

यासाठी लागणारे तंत्र मुळीच नवे नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात राज रेड्डी यांच्या मार्गदर्शनाखाली १९८०च्या दशकात ‘स्फिंक्स’ ही उच्चार ओळखणारी प्रणाली तयार झाली. पुढे २००६ मध्ये तिची ‘पॉकेटस्फिंक्स’ ही छोटी आवृत्ती ‘शार्प झॉरस’ या हातात मावणाऱ्या संगणकावर, सुमारे हजार शब्दांच्या मर्यादेत, बोलण्याच्या वेगाने चालवून दाखवण्यात आली. त्याचा प्रोसेसर अवघा २०६ मेगाहर्ट्झचा होता आणि त्यात दशांश गणिताची वेगळी सोयही नव्हती, म्हणून सारी आकडेमोड पूर्णांकांत बसवण्यात आली होती. आजचा स्वस्तातला स्वस्त स्मार्टफोनही त्याहून कितीतरी दमदार आहे. शिवाय ‘वोस्क’ या उच्चार ओळखणाऱ्या मुक्तस्रोत प्रकल्पाचे हिंदीसाठीचे छोटे प्रारूप सुमारे ४२ एमबीचे, तर गुजरातीसाठीचे सुमारे १०० एमबीचे असून ती इंटरनेटशिवाय फोनवर चालतात.

वाटेल ते बोललेले लिहून घेणे आणि ठरावीक आज्ञा ओळखणे, या दोन कामांत फार मोठा फरक आहे. ‘ओपनएआय’ कंपनीचे ‘व्हिस्पर’ हे बोललेले लिहून घेणारे प्रारूप मुळात ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवले गेले, त्यात मराठीचा वाटा नाममात्र असून त्याच्या मोठ्या आवृत्त्या साध्या फोनला पेलवतही नाहीत. याउलट शे-दोनशे आज्ञांतून एक निवडायची असेल, तर यंत्राला शोधावे लागणारे पर्यायच कमी होतात आणि बॅटरीही कमी लागते. माइक सदैव चालू न ठेवता बटण दाबल्यावरच ऐकण्याची व्यवस्था केली, तर बचत आणखी वाढते आणि घरातले बोलणे कोणी ऐकत असेल ही धास्तीही उरत नाही.

मुक्तस्रोताचा खरा उपयोग उच्चारांच्या बाबतीत होतो. पॉकेटस्फिंक्सचा उच्चारकोश ही एक साधी मजकूर-फाइल असते. प्रत्येक ओळीत आधी शब्द आणि त्यापुढे त्याचे ध्वनी. आमच्या वऱ्हाडात अनेक जण ‘सकाळी’ला ‘सकायी’ म्हणतात. त्यासाठी त्याच शब्दाखाली दुसऱ्या उच्चाराची एक ओळ जोडली की काम भागते, आणि ती ओळ गावातला एखादा शिक्षकही जोडू शकतो. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये मात्र ही दुरुस्ती कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहते (आणि वऱ्हाडी बोलणाऱ्यांची मर्जी राखण्यात कोणत्या कंपनीला रस असणार?).

आवाजांचा साठाही अगदीच शून्यातून गोळा करावा लागणार नाही. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये लोकांनी स्वेच्छेने दिलेले मराठी आवाज कोणालाही वापरण्यास खुले आहेत, तर आयआयटी मद्रासमधील ‘एआय४भारत’ने भारतीय भाषांसाठीची आपली प्रारूपे खुली केली आहेत. मात्र प्रमाण मराठी वाचून दाखवणारे शहरी तरुण आवाजच जमवत राहिलो, तर ज्यांना या सोयीची सर्वाधिक गरज आहे त्यांचेच बोलणे फोनला कळणार नाही.

म्हणून असे काम सरकारी पैशातून होणार असेल, तर निविदेतच दोन अटी असाव्यात. एक, प्रणालीचा कोड, उच्चारकोश आणि बोलणाऱ्यांच्या संमतीने घेतलेले आवाज खुल्या परवान्याने उपलब्ध करावेत. दुसरी, स्वीकृतीची चाचणी मंत्रालयातल्या वातानुकूलित दालनात न घेता मेळघाट, अक्कलकुवा यांसारख्या भागांत, साठी ओलांडलेल्या माणसांकडून, जुन्या फोनवर आणि इंटरनेट बंद ठेवून घ्यावी.

आपला,
एक वाचक, अमरावती