नवीन हंड्यासाठी मंडळाच्या हितचिंतकांस आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचे यात्रेतील शाकाहारी अन्नछत्र यंदाही चालवावयाचे, तर मोठा हंडा बदलण्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. तांब्याच्या जुन्या हंड्याच्या बुडाला तीन ठिकाणी डाक दिलेला आहे. गेल्या यात्रेत जवारी मसुराची आमटी चुलीत ठिबकत राहिली आणि आमच्या भगिनींनी ती ऐन पंगतीच्या वेळी बादल्यांत उपसून कशीबशी निभावून नेली. कल्हईवाल्यानेही आता हात टेकले आहेत.

शाकाहाराचा प्रचार व्याख्यानापेक्षा पंगतीत अधिक होतो, अशी आपल्या आद्य चिटणीसांची धारणा होती आणि तिच्या पुष्ट्यर्थ ते गांधीजींचा दाखला आवर्जून देत. इंग्लंडात 30 सप्टेंबर 1847 रोजी रॅम्सगेट येथे शाकाहारी संस्था स्थापन झाली होती, तरी 1888 साली लंडनला पोहोचलेले तरुण गांधीजी मातोश्रींना दिलेल्या वचनापायी अर्धपोटीच राहत होते. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवरील शाकाहारी भोजनालय सापडले, तेथे त्यांनी दारातच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहाराचा पुरस्कार करणारे पुस्तक विकत घेतले आणि विलायतेत प्रथमच पोटभर जेवले. वचनाखातर पाळलेला आहार त्यानंतर विचाराने स्वीकारलेला झाला आणि पुढे ते लंडनच्या शाकाहारी संस्थेच्या कार्यकारिणीवरही गेले. डिसेंबर 1924 मध्ये तेच गांधीजी राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून आपल्या बेळगावात आले. त्यांनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन होय, हे टिळकवाडीतील काँग्रेस विहिरीचे पाणी प्यालेल्यांना वेगळे सांगावयास नको.

आपल्या भागात माळकरी, जैन आणि लिंगायत घरांतून शाकाहार पूर्वापार आहेच. तथापि यात्रेला मटणाचाच बेत करणाऱ्या गावांतूनही आपले कार्यकर्ते गेले आणि कोणाच्याही ताटाला नावे न ठेवता जोंधळ्याची भाकरी, मसूर व पावट्याची उसळ वाढत राहिले. भाकरीत जे प्रथिन उणे पडते ते कडधान्य भरून काढते, हे मराठी व कन्नड पत्रकांतून सांगण्याआधी लोकांनी ते चाखलेले असे. शहापूरच्या पेठेतील ज्या किराणा व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे मसुराची पोती पावतीवर नाव न घालण्याच्या अटीवर पाठविली, खानापूरकडील ज्या शेतकरी भगिनींनी सुगीतला पहिला तांदूळ स्वतः बसमधून आणून पोहोचविला आणि ज्या आचाऱ्यांनी मजुरी तर घेतली नाहीच, उलट सरपणाचे पैसे स्वतः भरले, त्या सर्वांच्या ऋणात मंडळ कायम राहील.

मात्र एक गोष्ट मनाला लागून आहे. गेल्या वर्षी पाठविलेल्या विनंतीपत्रांपैकी बहुतेकांना पोच सुद्धा आली नाही. ‘आमटी काय झाली होती हो!’ असे पंगतीतून उठताना म्हणणारी मंडळीही वर्गणीच्या वेळी भेटेनाशी झाली. राग नाही, पण चिटणीसाने हे लिहावयाचे नाही तर कोणी?

दोन हंडे, एक भट्टी व पराती घ्यावयाच्या आहेत. भांडेवाल्यांनी दर आठवडाभरच राखून ठेवला आहे. रोख अथवा धनादेश मंडळाच्या कार्यालयात सायं. 5 ते 7 या वेळेत द्यावा, पावती अवश्य घ्यावी. धान्य 1 ऑक्टोबरच्या जागतिक शाकाहार दिनापूर्वी पोहोचवावे.

आपला नम्र,
चिटणीस

ता. क. : घरातील मोठी भांडी देणाऱ्यांनी ती कायमची द्यावीत. उसन्या भांड्यांवरून पूर्वी झालेली कटुता पुन्हा नको.