कालव्याकाठची वाट सायकलींसाठी राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गोव्याच्या अंतर्भागात पर्यटन न्यावे असे सरकारी पातळीवर वारंवार बोलले जाते आणि किनाऱ्यावरचा भार हलका व्हावा असे वाटणाऱ्या कोणालाही ते पटेल. मात्र डिचोली, सत्तरी, सांगे किंवा केपे तालुक्यात पोचलेला पाहुणा तिथे फिरणार कशाने, याचे उत्तर आजमितीस भाड्याची मोटार किंवा भाड्याची दुचाकी एवढेच आहे. आमच्या गावांतले रस्ते अरुंद आणि वळणावळणाचे आहेत, काही ठिकाणी त्यांवरून खनिजवाहू ट्रकही धावतात; त्यांवर आणखी वाहने सोडली तर किनाऱ्याचेच दुखणे आत येईल. म्हणून एक नेमकी मागणी घेऊन हे पत्र लिहीत आहे. तिळारी आणि साळावली या धरण प्रकल्पांच्या कालव्यांलगत देखभालीसाठी ज्या वाटा आहेत, त्यांतले सोयीचे टप्पे खाजगी मोटारवाहनांना बंद करून सायकलस्वार व पादचाऱ्यांसाठी अधिसूचित करावेत.

ही मागणी सुचण्याचे कारण फ्रान्स. तिथल्या ग्रामीण भागात मोटारींचा आवाजही कानावर न येता मैलोन्मैल सायकल चालवता येते, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. पण त्यासाठी तिथे नव्या जमिनी फारशा घ्याव्या लागल्या नाहीत, हे सहसा सांगितले जात नाही. मोडीत निघालेले लोहमार्ग आणि मालवाहतूक ओसरलेले कालवे सरकारच्या ताब्यात होतेच, त्यांचाच पुन्हा वापर झाला. बर्गंडी प्रांतात गिव्री ते क्लुनी हा 44 किलोमीटरचा जुना लोहमार्ग 1997 साली अशा रीतीने खुला झाला आणि तो देशातला या प्रकारचा पहिला मार्ग मानला जातो. आगगाडीला तीव्र चढ झेपत नाही, त्यामुळे लोहमार्ग आखतानाच उतार सौम्य ठेवलेला असतो, आणि त्याचा फायदा आज लहान मुलांना व साठी ओलांडलेल्यांना मिळतो. हाच मार्ग क्लुनीच्या दक्षिणेला पुढे नेला, तेव्हा वाटेत सुमारे 1.6 किलोमीटर लांबीचा रेल्वे बोगदा लागला. त्यात हिवाळ्यात वटवाघळे मुक्कामाला असतात, म्हणून त्या महिन्यांत बोगदा बंद ठेवतात आणि सायकलस्वारांनी वळसा घालून जायचे असते. सोयीपेक्षा जिवांचा मुक्काम मोठा मानणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

कालव्यांची कथा याहून जुनी आहे. मिठावरील कराची वसुली करणाऱ्या पियेर-पॉल रिके यांच्या ध्यासातून 1666 ते 1681 या काळात तुलूझपासून भूमध्य समुद्रालगतच्या खाजणापर्यंत 240 किलोमीटरचा मिदी कालवा खोदला गेला. काम पुरे होण्याच्या काही महिने आधी रिके वारले. 1996 मध्ये युनेस्कोने या कालव्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. तुलूझहून उलट दिशेला, अटलांटिकच्या बाजूने जाणारा 193 किलोमीटरचा गारोन कालवा 1856 मध्ये पूर्ण झाला. या कालव्यांतल्या नावा एके काळी काठावरून चालणारे घोडे दोरखंडाने ओढत असत, आणि त्या घोड्यांसाठी राखलेली काठाची पट्टी हीच आजची सायकलवाट. आजाँ शहराजवळ गारोन कालवा 539 मीटर लांबीच्या दगडी पुलावरून नदी ओलांडतो. वर कालवा, खाली नदी आणि कालव्याच्या कडेने सायकल, असे तिथले दृश्य असते.

गेल्या वर्षी मुलाकडे तुलूझला राहण्याचा योग आला, तेव्हा मिदी कालव्याच्या काठाने मी बराच फिरलो. पाण्याची पातळी जिथे बदलते तिथे दरवाजे असलेले दगडी हौद बांधलेले आहेत. या कालव्यावर त्यांचा आकार लंबगोल असतो, आणि शेजारी दरवाजे सांभाळणाऱ्याचे छोटेसे घर असते. घराच्या भिंतीवर एक पाटी असते. तिच्यावर त्या ठिकाणाचे नाव आणि मागचे व पुढचे दरवाजे किती अंतरावर आहेत तेवढेच लिहिलेले असते. नावाड्यांसाठी लावलेली ती पाटी आज सायकलस्वाराला पुरेशी ठरते, वेगळ्या रंगीत फलकांची गर्दी करावी लागत नाही. काठावरची वाट सगळीकडे डांबरी नाही. कित्येक ठिकाणी ती साधी मातीची आहे, मुळे वर आलेली आहेत आणि पावसानंतर तिथे सायकल हळू चालवावी लागते. बुरशीजन्य रोगामुळे 2006 पासून काठावरचे हजारो चिनार तोडावे लागले असून त्यांच्या जागी नवी झाडे लावली जात आहेत, त्यामुळे सावलीही सलग मिळत नाही. तरीही माणसे तिथे येतात, कारण मागून गाडी येईल ही धास्ती नसते. आठ-नऊ वर्षांची मुले आईवडिलांच्या पुढे निर्धास्त सायकल चालवताना पाहिली, तेव्हा आपल्याकडे कोणत्या रस्त्यावर आपण मुलांना असे सोडू, हा विचार मनातून जाईना.

ही निर्धास्तता आपोआप आलेली नाही. फ्रान्सने 2004 साली आपल्या वाहतूक नियमांत अशा मार्गाची व्याख्याच घातली: मोटारविरहित वाहने, पादचारी आणि घोडेस्वार यांच्यासाठी राखीव रस्ता. कालव्याच्या कर्मचाऱ्यांची गाडी देखभालीसाठी जाऊ शकते, इतरांची नाही, आणि ती जाऊ नये म्हणून तोंडाशी खांब किंवा आडवे फाटक असते. मालकी आणि देखभाल यांचा गुंताही त्यांनी करारांनी सोडवला आहे. काठाची जमीन जलमार्ग सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडेच राहते, वाटेची निगा मात्र जिल्हा किंवा ग्रामप्रशासन करते. आपल्याकडे दोन खाती एकमेकांकडे बोट दाखवत राहतात आणि काम अडते. म्हणून ही तरतूद मला डांबरापेक्षाही महत्त्वाची वाटते.

सगळेच फ्रेंच मार्ग पूर्ण वाहनमुक्त आहेत असे नव्हे. लुआर नदीकाठचा सुमारे 900 किलोमीटरचा प्रसिद्ध मार्ग बऱ्याच ठिकाणी कमी वर्दळीच्या गावरस्त्यांवरून जातो. मात्र मार्गापासून पाच किलोमीटरच्या आतील घरगुती निवासांना तिथे ‘सायकलस्वारांचे स्वागत’ अशा अर्थाचे अधिकृत बोधचिन्ह मिळू शकते, आणि त्यासाठी सायकल ठेवायला सुरक्षित जागा व दुरुस्तीची हत्यारे असावी लागतात. आपल्या गावांतील एखाद्या कुटुंबाला दोन खोल्या आणि एक पडवी यांच्या बळावर हे सहज जमेल.

आता गोव्याकडे येतो. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोवा यांचा संयुक्त प्रकल्प. धरण दोडामार्ग तालुक्यात आणि कालवे डिचोली, पेडणे, बार्देश या तालुक्यांत येतात. साळावलीचे कालवे दक्षिणेत सांगे, केपे, सासष्टीकडे जातात. कालव्यासाठी जमीन केव्हाच संपादित झालेली आहे, म्हणजे नवा वाद नाही, कुळांच्या किंवा भाटकारांच्या (जमीनदारांच्या) जमिनीला हात लावावा लागत नाही. कालव्याचा उतारही पाण्याच्या गतीने ठरलेला, म्हणून अत्यंत मंद. देखभालीची वाट काही टप्प्यांवर चांगली आहे, काही ठिकाणी रानाने गिळली आहे, आणि जिथे चांगली आहे तिथे दुचाकीस्वारांनी तिचा जवळचा रस्ता करून टाकला आहे. तिळारीचा कालवा फुटल्यावर नळांचे काय हाल होतात, हे बार्देशकरांना ठाऊक आहे. काठावर रोज माणसांचा वावर राहिला तर गळती आणि भगदाडे वेळीच खात्याच्या नजरेस येतील, हा लाभ जलस्रोत खात्याने जरूर विचारात घ्यावा.

यावर हरकती येणारच आणि त्या रास्त आहेत. आपले कालवे काँक्रिटचे आहेत. तिरप्या, शेवाळलेल्या बाजूंवरून पडलेल्याला वर येता येत नाही. म्हणून ठराविक अंतरावर पायऱ्या, धरायला साखळ्या आणि वस्तीजवळ कठडे हे वाट खुली करण्याआधीच झाले पाहिजे, नंतर नव्हे. पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, वाट सरळ बंद ठेवावी. उन्हासाठी काठावर, पण अस्तराला मुळे पोचणार नाहीत इतक्या अंतरावर, स्थानिक झाडे लावावीत.

दिवाडी आणि चोडण या बेटांवरच्या खाजनांतील, म्हणजे खाऱ्या पाण्यालगतच्या सखल शेतजमिनींतील, बांधांवरूनही असेच मार्ग न्यावेत, असे काही उत्साही मित्र सुचवतात. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. माती आणि पेंढ्याने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले हे बांध खारे पाणी अडवण्यासाठी आहेत, भरती-ओहोटीबरोबर आपोआप मिटणाऱ्या-उघडणाऱ्या मानशीवर (पाण्याच्या दरवाजांवर) तिथली शेती टिकून आहे. सायकलमार्गाच्या नावाखाली तिथे एकदा रुंदीकरण आणि काँक्रिट शिरले की मागोमाग मोटार आणि तिच्या मागून बांधकाम येईल. तिथे पायी जावे.

सरकारने सुरुवातीला डिचोली तालुक्यातील तिळारी कालव्याचा एकच टप्पा निवडावा, संबंधित ग्रामसभांपुढे नकाशासह ठेवावा, आणि जलस्रोत खाते व पंचायत यांच्यात देखभालीचा लेखी करार करून येत्या हिवाळ्यात तो खुला करावा. दोन्ही टोकांना सायकल आणि चाकांची खुर्ची जाईल पण स्कूटर जाणार नाही असे फाटक बसवावे, आणि ते कोणाच्या ओळखीने उघडले जाणार नाही याची जबाबदारी एका नेमलेल्या अधिकाऱ्यावर टाकावी.

आपला,
एक वाचक, डिचोली