तवा तापू दे, बापू

चि. बापूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, हॉटेलात खाल्लेला स्टेक खोलीवर करता येईल का, कारण तिथल्या एका प्लेटच्या पैशात तुमचा आठवड्याचा भाजीपाला येतो. फोनवर नीट सांगणं झालं नाही. तुझी आई म्हणाली, लिहूनच पाठवा, गॅसजवळ ठेवून वाचेल.

करता येतो, आणि कामावरून आल्यावर तासाभरात ताट वाढून होतं.

बाहेरदेशी स्टेक म्हणजे बहुतेक गोमांसाचा जाड तुकडा. आपल्या राज्यात 2015 पासून बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, आणि पोळ्याला ज्याच्या खांद्याला आपण लोणी-हळद लावतो त्याचा विचार आपल्या घरात नाहीच. तुझ्या मनात बोकडाचं मटण येईल. ते या कामाचं नाही. बोकडाच्या मांडीतल्या चिवट शिरा मंद आचेवर तास-दीड तास शिजल्याशिवाय सुटत नाहीत, म्हणून तर आपला रस्सा चुलीवर निवांत रटरटत ठेवावा लागतो. भावही कोंबडीच्या तिपटीवर. तू कोंबडीची छाती घे. नुसती बिनहाडाची महाग पडते, म्हणून अख्खी कोंबडी घे आणि दुकानदाराला छाती वेगळी काढून मागायची. टंगड्या दुसऱ्या दिवशी रश्शाला होतील, आणि हाडं उकळून ते पाणी भातात घाल.

छातीचा एक भाग आडवा चिरून दोन पातळ तुकडे कर. जाड बाजू लाटण्यानं हलकेच ठोक, सगळीकडे बोटभर जाडी आली पाहिजे. जाडी सारखी नसली तर कड कोरडी पडते आणि मधलं कच्चं राहतं. मीठ लावून अर्धा तास ठेव, तोवर हातपाय धू, आलू उकडायला लाव. मग स्वच्छ कापडानं तुकडे दोन्ही बाजूंनी कोरडे टिपून घे. हे टाळू नको. ओलं मांस तव्यावर पडलं की आधी त्याचं पाणी उडण्यात आच खर्ची पडते, मांस वाफेवर शिजतं आणि पांढरं फटक राहतं. वरचा तांबूस खरपूस थर कोरड्या मांसालाच येतो, आणि सगळी चव त्या थरात आहे.

तवा लोखंडीच घे, आपल्या भाकरीचा असतो तसा. तो चांगला तापू दे. पाण्याचा थेंब टाकून पाहा. नुसता चर्र करून विरला तर अजून थांब, गोळी होऊन तव्यावर पळायला लागला की तवा तयार. मग चमचाभर तेल सोड, तुकडे ठेव आणि हात मागे घे. चार मिनिटं सराटा, म्हणजे उलथणं, लावायचा नाही. सुरुवातीला मांस तव्याला धरून बसतं, खालून भाजलं की आपणच सुटतं. ओढून काढलं तर तो खरपूस थर तव्यालाच राहतो. कडेनं पांढरेपणा निम्म्यावर चढला की पलट, दुसरी बाजू तीनेक मिनिटं. दोनच तुकडे एका वेळी ठेव. जास्त कोंबले तर तवा थंड होतो.

कोंबडी कच्ची खायची नाही, हे लक्षात ठेव. मधोमध सुरीचं टोक घालून पाहा, गुलाबी दिसलं तर आणखी मिनिटभर ठेव. ज्या पाटावर मांस कापलं तो आणि सुरी साबणानं धुतल्याशिवाय त्यावर कांदा चिरायचा नाही.

भाजून झालं की ताटलीत काढून पाच मिनिटं तसंच राहू दे. लगेच कापलं तर रस ताटलीत वाहून जातो. तेवढ्यात त्याच तव्यावर ठेचलेला लसूण, बारीक कांदा, एक टमाटर आणि चिमूटभर तिखट परतून अर्धी वाटी पाणी टाक. तळाला चिकटलेलं सराट्यानं खरवडून त्यात मिसळ, दाटसर झालं की वरून सांबार, म्हणजे कोथिंबीर. हॉटेलवाले वर ओततात तो सॉस थोड्याफार फरकानं हाच. उकडलेल्या आलूच्या चकत्या त्यातच फिरवून घे.

महिनाअखेरी हात आखडता असेल तर कोंबडीची कलेजी आण, ती सगळ्यात स्वस्त. तीही अशीच तव्यावर, फक्त लवकर होते. मधली लाली गेली की उतरव, नाहीतर कडक होते.

दमून आल्यावर मोबाइलवरून मागवणं सोपं वाटतं, ते मी समजू शकतो. पण रोज रात्री डब्यातलं गार झालेलं खातोस हे ऐकून आईच्या घशाखाली घास उतरत नाही, आणि माझ्याही. आठवड्यातून दोनदा तरी स्वतः गरम करून जेव.

भिवापूरच्या मिरचीचं तिखट या वर्षी छान लाल उतरलं आहे. ते, जवसाची चटणी आणि आपला जुना लोखंडी तवा सोमवारच्या ट्रॅव्हल्सनं पाठवतो. तवा जड आहे, घ्यायला दोघं जा.

तुझे,
बाबा