ऑपरेशन की कॅथेटर : बाबांच्या ठोक्यांविषयी

पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

हृदयाच्या बिघडलेल्या ठोक्यांसाठी ‘एकदाच छातीचे ऑपरेशन करून मोकळे व्हा’ हे काकांचे म्हणणे बाबांना पटलेले परवा फोनवर जाणवले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते : कॅथेटरचा, म्हणजे शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेऊन करायचा उपचार आधी करावा आणि ऑपरेशन राखून ठेवावे.

रिपोर्टवर ‘पर्सिस्टंट एट्रियल फिब्रिलेशन’ असे आहे, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत आहेत आणि ही स्थिती सात दिवसांहून अधिक काळ टिकून आहे. सोमेश्वरला फिरायला जाताना बाबांना जो दम लागतो, तो यामुळेच असावा. बाबा मनगटावर दोन बोटे ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ठोके मोजतात, पण काही ठोके इतके दुबळे असतात की ते मनगटापर्यंत पोहोचतच नाहीत; त्यामुळे ईसीजीतला आकडा जास्त दिसतो. आईने त्याचा घोर लावून घेऊ नये.

फुप्फुसांतून डाव्या कप्प्यात रक्त आणणाऱ्या शिरांच्या तोंडाशी ही गडबड बहुधा सुरू होते, हे बोर्दोच्या डॉक्टरांनी १९९८ मध्ये दाखवले. कॅथेटर उपचारात जांघेतील शिरेतून नळी वर नेऊन त्या तोंडांभोवती उष्णतेने किंवा अतिथंड फुग्याने व्रणांचे कडे करतात, म्हणजे बाहेरचे विजेचे संदेश कप्प्यात शिरत नाहीत. ऑपरेशनची पद्धत अमेरिकेतील डॉ. जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये सुरू केली. त्यात कप्प्याची भिंत ठरावीक रेषांत कापून पुन्हा शिवत असत. आता दुर्बिणीने, बरगड्यांमधील लहान छिद्रांतून, हृदय चालू असतानाही ते करता येते, मात्र त्यासाठी भूल देऊन एकेका बाजूचे फुप्फुस तात्पुरते मिटवून ठेवावे लागते. बाबांनी तीस वर्षे ओढलेल्या विड्या लक्षात घेता मला भीती वाटते ती याच टप्प्याची.

काकांचा मुद्दा अगदीच निराधार नाही. दोन्ही उपचारांची तुलना करणाऱ्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फास्ट’ चाचणीत वर्षभरानंतर ऑपरेशनच्या गटातील सुमारे ६६ टक्के रुग्णांचे ठोके नियमित राहिले, तर कॅथेटरच्या गटात सुमारे ३७ टक्के. पण गुंतागुंतही ऑपरेशनमध्ये दुपटीहून अधिक होती, ३४ टक्के विरुद्ध १६. पुढे २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘कासा-एएफ’ चाचणीत वर्षाहून जुना विकार असलेल्या १२० रुग्णांची तुलना झाली, तेव्हा एकाच उपचारानंतर, औषधांशिवाय पूर्ण यश ऑपरेशनला २६ आणि कॅथेटरला २८ टक्के मिळाले. हे आकडे पाहून खचू नये, कारण तिथे अर्ध्या मिनिटाचा बिघाडही अपयशात धरला होता आणि त्वचेखाली बसवलेले यंत्र तो अचूक टिपत होते. बिघाडाचा एकूण काळ दोन्ही गटांत बराच घटला. जास्त त्रास सोसून जास्त फळ मिळेलच असे नसेल, तर आधी छातीला हात का लावायचा?

झडपेसाठी किंवा बायपाससाठी छाती उघडावीच लागली असती, तर त्याच वेळी हेही करून घेणे शहाणपणाचे ठरले असते. बाबांच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) झडपा ठीक आहेत.

एक आशा मात्र मला मोडावी लागेल. उपचार कोणताही झाला आणि ठोके जागेवर आले, तरी रक्त पातळ करणारी गोळी बहुधा चालूच राहील, कारण बाबांचे वय पंचाहत्तरीपुढचे आहे आणि रक्तदाबही आहे. पक्षाघाताचा धोका त्यावरून ठरतो. देवघराशेजारच्या डबीतली ती गोळी, आई, कोणी काहीही सांगितले तरी परस्पर बंद करू नकोस.

येत्या भेटीत डॉक्टरांना इतके विचारावे : डावा कप्पा किती मोठा झाला आहे, ठोके साधारण कधीपासून बिघडले असावेत, दुसऱ्यांदा कॅथेटर करावा लागण्याची शक्यता किती, आणि हे नाशिकमध्येच होईल की मुंबईला जावे लागेल. जुने ईसीजी तारखेप्रमाणे लावून ठेवावेत. मी शनिवारी येतेच आहे.

आपली,
धाकटी