लेव्हेनहूक, नळी आणि आमच्या शाळेचे कपाट

महोदय,

आपल्या कालच्या विज्ञान पुरवणीत लेव्हेनहूक यांना ‘सूक्ष्मदर्शकाचे जनक’ ठरवून शेजारी दोन भिंगांच्या पितळी नळीचे चित्र छापले आहे. लेव्हेनहूक यांचे पहिले पत्र लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेकडे गेले ते १६७३ साली, आणि इंग्रज वैज्ञानिक रॉबर्ट हूक यांनी तशाच नळीतून बुचाचा काप पाहून त्यातील कप्प्यांना ‘सेल’ (पेशी) म्हटल्याचे छापून आले ते १६६५ साली. बापाच्या आधी लेकरू चालू लागले, असे आपल्या लेखकांना सुचवायचे आहे काय?

नेदरलँड्समधील डेल्फ्टच्या या कापड दुकानदाराची, म्हणजे लेव्हेनहूक यांची, कीर्ती नळीवर नव्हेच. त्या काळी दोन भिंगे एकापुढे एक ठेवली की वस्तूच्या कडांना रंगीत झालर येई आणि चित्र पुसट होई. हा दोष १८३०च्या सुमारास इंग्लंडच्या जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी आटोक्यात आणला. लेव्हेनहूक यांनी ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असे एकच भिंग धातूच्या दोन पत्र्यांत बसवले, वस्तू स्क्रूच्या टोकावर टेकवली आणि ते डोळ्याला भिडवून तळ्याच्या पाण्यातले जीव पाहिले. त्यांचे नेदरलँड्समध्येच युट्रेख्ट येथे जतन केलेले एक भिंग वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखवते.

मी एवढा चिडलो त्याला कारण आहे. आमच्या तालुक्यातील ज्या शाळेत मी विज्ञान शिकवले, तेथे सूक्ष्मदर्शक आला त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत चढून लोखंडी कपाटात गेला, आणि “फुटला तर भरून कोण देईल?” एवढे विचारून मुख्याध्यापकांनी किल्ली खिशात घातली. तीन पावसाळ्यांनंतर तपासणीच्या दिवशी तो बाहेर निघाला. सातवीतल्या एका मुलाने औषधाच्या बाटलीत नाल्याचे पाणी आणले होते. एक डोळा तळहाताने झाकून तो बराच वेळ वाकून राहिला आणि म्हणाला, “सर, नुसतं जाळंच दिसून राह्यलं.” मी नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) फिरवली, तर जाळेही तिच्याबरोबर फिरले, म्हणजे ते पाण्यात नव्हते, नेत्रिकेच्या काचेवर बुरशी धरली होती. जी बुरशी मुलांना दाखवायची, ती त्या यंत्राने स्वतःच वाढवून ठेवली होती. तपासणीस साहेबांनी मात्र डोकावून “जंतू छान दिसतात” असे म्हटले आणि सही केली. त्या मुलाला त्या वर्षी नाल्याच्या पाण्यातले काहीही दिसले नाही.

तेव्हा चुकीची दुरुस्ती पुढील पुरवणीत छापावी, आणि ती शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात छापू नये. जाता जाता आणखी एक सांगतो : दुपारच्या एसटीने आमच्या गावी येणाऱ्या अंकात पुरवणीचे अर्धे पान बियाण्यांच्या जाहिरातीने व्यापलेले असते, आणि उरलेल्या अर्ध्यातील अक्षर वाचायला मला भिंगच घ्यावे लागते.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ