एकादशीला फोन उचल

चि. नंदूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मीच ठेवला. नंतर रेंज गेली होती असं कळवलं, ते खोटं. ‘आई, जीव मोठा की टाळ?’ असं तू म्हणालास आणि माझं बोट लाल बटणावर गेलं. तुझंही बरोबर आहे म्हणा. हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांवर आलंय म्हटल्यावर माझ्या आईला मीही हेच बोलले असते. पण भजनी मंडळ सोडायला सांगताना तू ते हापिसातल्या माणसाच्या आवाजात सांगितलंस, त्याचा राग आला.

मग मंगळवारी तू तो अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांच्या गाण्याच्या मंडळावरचा माहितीपट पाठवलास, ‘यंग ॲट हार्ट’. खाली एक ओळ, ‘आमच्या शेजारच्या गावातली माणसं आहेत.’ ती तुझी माफी असं मी धरून चालले आहे. तसं नसेल तर सांगू नकोस.

अमोघनं टीव्हीला जोडून दिला, खाली अक्षरंही लावून दिली. दोनदा पाहिला. पहिल्यांदा नुसती हसले. 92 वर्षांची ती आयलीन हॉल स्टेजवर उभी राहून रॉकचं गाणं म्हणते, राहू की जाऊ, राहू की जाऊ! आपल्या शिंदेकाकू एसटीच्या दारात उभ्या राहून हेच म्हणतात. ऐंशी ओलांडलेला एक गडी दोघांना गाडीत घालून तालमीला नेतो, तेव्हा तर मी सोफ्याचा दांडा घट्ट धरला होता. आणि मौज म्हणजे या लोकांना रॉक आवडतच नाही. घरी ऐकतात ते ऑपेरा नाहीतर जुनी नाटकातली गाणी. त्यांचा मास्तर, बॉब सिलमन, हे सगळं त्यांच्या गळ्यात मारतो. एका गाण्यात ‘कॅन’ हा शब्द 71 वेळा येतो आणि दर तालमीला कुणीतरी घसरतंच. मास्तर वैतागतो. वैतागला की अगदी आण्णांसारखा दिसतो, चष्मा कपाळावर आणि हात कमरेवर.

तबल्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

दुसऱ्यांदा एकटीनं पाहिला, दुपारी, दार लावून. दोघंजण आजारपणामुळे मंडळ सोडून गेलेले असतात, एका गाण्यासाठी परत येतात. जोडीनं गायचं असतं. त्यातला एक कार्यक्रमाच्या आधीच जातो. ती बातमी बाकीच्यांना कळते कधी, तर बसमधून तुरुंगात गायला निघालेले असतात तेव्हा. बस परत फिरत नाही. कैदी बाहेर हिरवळीवर बसलेले, आणि ही माणसं डोळे पुसत गातात. नंतर ते दांडगे कैदी एकेका म्हाताऱ्याला मिठी मारतात. आपल्याकडे सुतक म्हणून आपण तोंड मिटून बसलो असतो. आण्णा गेले तेव्हा मीही वर्षभर पेटी उघडली नव्हती. कुणाचं बरोबर मला माहीत नाही. पण तेरावं झाल्यावर तू हळूच डग्ग्यावरची धूळ पुसलीस आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलंस, ते मला दिसलं होतं.

उरलेला तो फ्रेड निटल एकटाच गातो. खुर्चीवर बसून, नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनची टाकी. बारीक कान दे. दोन ओळींच्या मधे टाकीचा आवाज येतो, टिक्‌, मग थोडी हवा, परत टिक्‌. लयीतच येतो रे. मी मांडीवर ठेका धरून बसले होते आणि तो आवाज बरोबर समेच्या आसपास पडत होता. आवाज काय भरदार माणसाचा! मला आहे तेच दुखणं त्याला. 2007 चा माहितीपट, आणि फ्रेड 2009 ला गेला. हे मी अमोघकडून शोधून घेतलं. तुलाही ठाऊक असेलच, तरी पाठवलास.

तर माझं असं ठरलं आहे. पंढरपूरला जाणार नाही. तू जिंकलास. पण एकादशीच्या रात्री देवळात खुर्चीवर बसून दोन अभंग म्हणणार, उभ्यानं नाही. मीठ सोडलंय, पाणी मोजून पिते, पाय सुजले की गोळी घेते. पापड खात नाही. (एकदाच खाल्ला.)

आता तू. तिथं जेवण वेळेवर कर. शनिवार-रविवार लॅपटॉप बंद ठेव. रात्री दोनला मेसेज वाचल्याची निळी खूण मला दिसते, मी काही बोलत नाही. माणसांत जा. ती गेली म्हणून घरातला आवाजच बंद करून टाकायचा, हे कुठलं शहाणपण? इतकं शिकून माणूस… जाऊ दे. लिहून गेले. खोडलं असतं पण कागद घाण होतो. तिला मी दोष देत नाही आणि तुला तर नाहीच. रागावू नकोस.

पण तबला काढलास का? कपाटावर गुंडाळून ठेवलाय म्हणालास त्याला तीन हिवाळे झाले. हीटरच्या कोरड्या हवेनं पुडी तडकते, शाई सुटते. मी सतारमेकर गल्लीत विचारून आले, नवीन पुडी चढवून मिळते म्हणाले, पण तबला इथं आणायला हवा. तू सात वर्षांचा असताना दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या उत्सवात आण्णांच्या मांडीवर झोपलास आणि झोपेत बोटं चालत होती. शेजारचे बुवा मैफल सोडून तुझ्या हाताकडे बघत होते. हे मी शंभरदा सांगितलंय, तू ओठ दाबशील. दाब.

मला तू मोठा वादक व्हायला नको होतास. तुझं जे चाललंय त्याचा मला किती अभिमान आहे ते बँकेतल्या लोकांना विचार, ते आता मला बघून काउंटर बदलतात. भीती एवढीच, की मी इकडे नळी लावून का होईना गाईन आणि तू तिकडे धडधाकट असून गप्प बसशील.

आत्याच्या शेजारची मुलगी पुढच्या महिन्यात बॉस्टनला येते आहे. तिच्याबरोबर मेतकूट, आण्णांची तबल्याची हातोडी आणि पावडरचा डबा पाठवते. हातोडी चेक-इनच्या बॅगेत घालायला सांगितलंय. वापरायची नसेल तर टेबलावर ठेव, कागद उडत नाहीत.

एकादशीला रात्री नऊला आमचं सुरू होईल, तुझ्याकडे सकाळचे साडेअकरा. फोन पेटीला टेकवून ठेवीन. आमचा नवा पोरगा दुसऱ्या अभंगात लय वाढवतो, तुला राग येईल. रागावून का होईना, टेबलावर बोटानं बरोबर लय धर. मला ऐकू येईल एवढ्या जोरात.

तुझी,
आई

ता. क. पापड दोनदा खाल्ला.